तीर्थरूप दादांचा मुख्त्यारनामा

आमच्या घरात वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. माझ्या थोरल्या दिरांना माझे यजमान 'दादा' म्हणत, मी 'भावोजी' म्हणे. म्हणजे खरं तर म्हणत नसेच, कारण त्यांच्यासमोर बोलायचीही पद्धत नव्हती. मला काही सांगायचं असलं की मी जाऊबाईंना सांगे, त्या ते भावोजींना सांगत आणि उत्तर त्याच वाटेनं परत येई. आम्ही तिघंही एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसलेले असलो तरी. या पद्धतीचा मला अभिमान वाटावा अशी घरात सगळ्यांची अपेक्षा होती. पुढे याच पद्धतीनं आमची जमीन अडवून धरली, तेव्हा मला खरोखरच थोडासा अभिमान वाटला.

यजमान मोंबासाला होते. तिथल्या बंदरावर कारकून. धाकटी मुलगी सहा महिन्यांची असताना ते तिकडे गेले आणि मी ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या माधवगंजच्या घरी राहिले, कारण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि त्यांचं करायला कुणीतरी हवं होतं. सासूबाई गेल्या. त्यानंतर मी इथे कशासाठी राहिले आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. वरच्या मजल्यावरची एक खोली माझी आणि दोन मुलींची होती. स्वयंपाकघर जाऊबाईंचं होतं. त्यातलं काम मात्र आमच्या दोघींचं होतं, याबाबतीत जाऊबाईंनी कधी आपपरभाव केला नाही.

महिन्याला एक पत्र येई. पाकिटावर भावोजींचं नाव पोस्टाच्या सोयीसाठी इंग्रजीत असे, आणि आत पहिली ओळ ठरलेली : 'तीर्थरूप दादांचे चरणी बालकाचे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.' बालक तेव्हा छत्तीस वर्षांचं होतं आणि त्याच्या कानशिलाजवळचे केस पिकलेले होते. मग दोन पानं मजकूर, आणि शेवटी, जिथे कागद संपत आलेला असे तिथे, 'सौ.ला व मुलींना आशीर्वाद.' ही माझी ओळ. भावोजी पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत. माझी ओळ आली की जाऊबाई माझ्याकडे बघत, आणि मी लाजले नाही तर त्यांना वाईट वाटे. म्हणून मी लाजत असे.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी यजमानांच्या मनात आलं की आपण परत येऊ तेव्हा डोक्यावर स्वतःचं छप्पर असावं. माधवगंजच्या पलीकडे, तेव्हा जिथे गाव संपून शेतं लागत, तिथे एका निवृत्त सुभेदारांची जमीन होती. त्यांचे पणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर आले तेव्हा मिळालेली. सुभेदारांना त्यातला एक तुकडा विकायचा होता. यजमानांनी दादांना लिहिलं की आपल्या विचारे योग्य वाटल्यास तो माझ्याकरिता घ्यावा. भावोजींना योग्य वाटलं. मला कुणी विचारलं नाही, पण मला ते सगळ्यांत जास्त योग्य वाटलं, आणि त्याचं कारण माझी आई होती.

माझे वडील दरबारच्या दप्तरात होते. ते वारल्यावर आई उज्जैनला तिच्या पुतण्याकडे राहायला गेली. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही, आणि बहीण लहानपणीच गेलेली. पुतण्या वाईट नव्हता. त्याची बायकोही वाईट नव्हती. पण आईचं ताट तिथे सगळ्यांत शेवटी वाढलं जाई, आणि आई ते सगळ्यांच्या आधी उचलून घासून ठेवी. वर्षातून एकदा ती मला भेटायला लष्करात येई. माझ्या घरी यायची, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसायची, मुलींना मांडीवर घ्यायची आणि पाणीसुद्धा न पिता निघून जायची. लेकीला मुलगा होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. मला दोन मुलीच. मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या उन्हात, माझी आई स्टेशनवरून टांग्यानं येऊन माझ्यासमोर कोरड्या ओठांनी बसे आणि मी हातात तांब्या घेऊन उभी राही. त्या शास्त्रावर माझा इतका राग होता की आजही आहे.

जमिनीचं कानावर आलं तेव्हा मी आईला कार्ड टाकलं. तिकडे दोन खोल्या होतील, तू ये, कायमची ये. तिचं उत्तर आलं, ते मला अजून पाठ आहे : 'जावईबापूंचे घर असेल तर येणार नाही. तुझे स्वतःचे असेल तर विचार करीन. मला फसवू नये. कागद वाचता येतो.'

वाचता येत होताच. वडील दप्तरातून घरी काम आणत आणि आई त्यांना वाचून दाखवत असे. म्हणजे मला घर हवं होतं एवढंच पुरेसं नव्हतं. ते कागदावर माझं हवं होतं. आणि आमच्या घरात हे बोलायचं कुणाजवळ? जाऊबाईंजवळ बोलले की ते भावोजींजवळ बोलल्यासारखंच होतं. मी गप्प बसले.

यजमान परदेशात, म्हणजे त्यांच्या वतीनं इथे सही करायला मुख्त्यारनामा पाहिजे. तो त्यांनी तिथल्या मॅजिस्ट्रेटसमोर सही करून, लाखेचा शिक्का मारून, बोटीच्या टपालानं पाठवला. पाकीट फोडताना भावोजींनी सदरा बदलला होता. कागद मराठीत होता. मॅजिस्ट्रेट साहेबाला मराठीचं अक्षर येत नसणार, पण सही आपल्यासमोर झाली एवढं त्याला दिसलं होतं आणि तेवढंच त्याचं काम होतं. भावोजींनी वाचला :

'मी खाली सही करणार, राहणार संस्थान ग्वाल्हेर, हल्ली मुक्काम मोंबासा, लिहून देतो की माझे तीर्थरूप दादा यांनी मजकरिता जमीन खरेदी करावी, कागदांवर सह्या कराव्या. ते जे करतील ते मला मान्य आहे. आजवर त्यांनी केलेले मी कधी अमान्य केलेले नाही.'

जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला. भावोजींनी कागद कपाळाला लावला. "शिकून-सवरून, साहेबाच्या मुलखात राहून पोरानं रीत नाही सोडली," ते म्हणाले. खरंच सोडली नव्हती. सबंध कागदात मोठ्या भावाचं नाव कुठेही नव्हतं.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. बाड्याच्या चौकाजवळच्या रजिस्ट्री कचेरीच्या व्हरांड्यात एक म्हातारे अर्जीनवीस बसत, लोकांचे अर्ज आणि खरेदीखतं लिहून देत. माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांनी तो नंतर मला इतक्यांदा साभिनय सांगितला की मी तिथे होते असंच मला वाटतं. सब-रजिस्ट्रार भिंडकडचे कुणी ठाकूर होते. त्यांनी कागद एका मराठी कारकुनाकडून वाचून घेतला आणि विचारलं, "ये दादा कौन साहब हैं?"

"मैं हूँ," भावोजी म्हणाले.

"आपका शुभ नाम?"

भावोजींनी सांगितलं.

"वह तो इसमें लिखा नहीं है।"

"लिखेगा कैसे? छोटा भाई है।"

सब-रजिस्ट्रारांनी चष्मा काढून पुसला. "दादा साहब, लश्कर में मराठों के हर घर में एक दादा बैठे हैं। कल कोई दूसरे दादा आकर कहें कि मैं हूँ, तो मैं क्या करूँ?"

"दूसरा कोई कैसे आ जाएगा? उसका दादा तो मैं ही हूँ।"

याच्यापुढे कुणाचंही बोलणं खुंटावं. पण सब-रजिस्ट्रारांना आणखी एक गोष्ट खटकली होती. "और ये रियासत ग्वालियर? यह तो अब रही नहीं।"

हे मात्र खरं होतं. मुख्त्यारनामा मोंबासाहून निघाला तेव्हा ग्वाल्हेर संस्थान होतं. तो मुंबईच्या बंदरात उतरेपर्यंत संस्थान विलीन होऊन मध्य भारत झालं होतं. बिचारा कागद समुद्रात असताना त्याचं गाव गेलं. म्हणजे, अर्जीनवीस सांगायचे, नसलेल्या राज्यात राहणाऱ्या माणसानं नाव नसलेल्या माणसाला अधिकार दिला होता, आणि हा सगळा कारभार साहेबाच्या शिक्क्यानं अगदी पक्का झालेला होता.

दुसऱ्या मुद्द्यावर सब-रजिस्ट्रारांनी वर विचारणा पाठवली. वर म्हणजे सरकारकडे. आता हे सरकार नवं होतं आणि त्याला दोन राजधान्या होत्या. ग्वाल्हेरला वाटलं राजधानी ग्वाल्हेर असावी, इंदूरला वाटलं इंदूर असावी, आणि दोघांच्याही मनासारखं व्हावं म्हणून ठरलं की थंडीत सरकार ग्वाल्हेरला राहील आणि उन्हाळ्यात इंदूरला. माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात हे ऐकून होते. इथे मंत्री, कारकून, टेबलं, दौती आणि फायलींचे गठ्ठे हवापालटाला जात होते. आमची विचारणा पोचली तेव्हा सामान बांधायला घेतलेलं होतं. ती एखाद्या पेटीत बसून इंदूरला गेली असावी. तिला तिथली हवा मानवली, कारण ती पुढे परत आली नाही.

पण घोडं खरं अडलं होतं ते पहिल्या मुद्द्यावर. उपाय अगदी सोपा होता. यजमानांना लिहायचं, नाव घालून दुसरा कागद पाठव. भावोजी लिहीनात. जाऊबाईंनी दोनदा विषय काढला तेव्हा ते चिडले. "आता मी त्याला लिहू की बाबा रे, माझं नाव घे? काय वाटेल पोराला?" पोराला दुसरं कुणी लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. सुभेदार भले गृहस्थ. त्यांनी दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणून शब्द दिला होता. दसऱ्यानंतर दुसरं गिऱ्हाईक होतं.

त्या वर्षी आई पावसाळा लागल्यावर आली तेव्हा तिच्या पायांना सूज होती. जिना चढून वर आली, बसली, नेहमीसारखी. मी विचारलं, तिकडे कुणी औषध आणून देतं का? "त्यांच्या मागे काय कमी व्याप आहेत?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं विचारलं, "तुझ्या त्या जागेचं काय झालं?" इतक्या वर्षांत तिनं माझ्याजवळ पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि तेही मागितलं असं दिसू न देता. ती गेल्यावर मी खिडकीपाशी उभी राहून रडले. रडून झाल्यावर मला भयंकर राग आला, आणि रागाच्या भरात माणूस ज्या गोष्टी करतो त्या बऱ्याचदा उपयोगाच्या असतात.

दुसऱ्या दिवशी मुलींना बांगड्या घ्यायच्या म्हणून मी त्यांना घेऊन नई सडकेच्या बाजारात गेले. बांगड्या घेतल्या आणि तशीच पुढे कचेरीपाशी जाऊन अर्जीनवीसांसमोर उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं, बसायला आपली घोंगडी सरकवली आणि दोन्ही मुलींना शेंगदाण्याची चिक्की दिली. मी सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "बेटा, सीधी बात आहे. खरीददार परदेशात आहे म्हणून मुख्तारनामा लागून राहिला ना? मग खरीददार इथलाच कर. तू घे जमीन. तू इथं हाजिर, सुभेदार इथं हाजिर. तुम्ही दोघं सही करा, मामला खतम. समुंदर मधे आणायचीच जरूरत काय?"

"मी घेऊ शकते?"

"तुला नाव आहे ना? कागदाला इतकंच लागतं."

घरी येऊन मी यजमानांना पत्र लिहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हे माझं त्यांना पहिलं पत्र. आजवर लिहायची गरज काय होती? भावोजी लिहीत असतच. मायना काय लिहावा हे मला सुचेना, म्हणून लिहिलाच नाही. सरळ लिहिलं की तुम्ही पाठवलेल्या कागदात भावोजींचं नाव नाही, म्हणून खरेदी अडली आहे, आणि तसं तुम्हाला सांगणं भावोजींना अपमानाचं वाटतं. जमीन माझ्या नावावर घ्या. मला माझ्या आईला आणायचं आहे, आणि ती तुमच्या घरी पाणी पीत नाही. दसऱ्याच्या आत कळवा. वाचून बघितलं तर पत्र फार उद्धट वाटलं. पण तिकीट लावून झालं होतं.

भाद्रपद निम्मा सरला तेव्हा उत्तर आलं. मला नव्हे, दादांना. रविवारची दुपार होती, जेवणं झाली होती. भावोजींनी साष्टांग नमस्कार वाचला, हवापाणी वाचलं, बंदरावर आलेल्या नव्या क्रेनचं वर्णन वाचलं. मी सुपारी कातरत होते. मग ते वाचायचे थांबले. पुढची ओळ त्यांनी आधी मनात वाचली, आणि मग सवयीनं मोठ्यानंही वाचली : 'जमिनीबाबत, आपली आज्ञा असल्यास, ती सौ.चे नावे घ्यावी असे मनात येते. तिचे नाव कागदावर घालण्यात कोणाही वडीलधाऱ्याचा अवमान होत नाही.' आणि पुढे माझं पूर्ण नाव लिहिलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आशीर्वादाच्या ओळीच्या बाहेर, कागदाच्या मध्यावर.

माझे यजमान भित्रे होते असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं. भित्रे होतेच. पण भित्र्या माणसाला वाट काढायची अक्कल असते, ती शूर माणसांना फारशी लागत नाही.

जाऊबाई आधी बोलल्या. "हिला वेगळं व्हायचंय तर सरळ सांगायचं ना. ही लपवाछपवी कशाला? आम्ही काय खाऊन टाकलं हिला?"

भावोजी माझ्याकडे न बघता जाऊबाईंना म्हणाले, "तिला विचार, हे त्याच्या मनातलं आहे की तिच्या?"

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "माझ्या."

मी थेट भावोजींना उत्तर दिलं होतं. जाऊबाईंचं तोंड तसंच राहिलं. आपलं टपालखातं कुणीतरी न विचारता बंद केल्यावर माणसाला जसं वाटेल तसं त्यांना वाटत असावं. मी पुढे सगळंच सांगून टाकलं. आईचे पाय, उज्जैनचं ताट, मे महिन्यातला तांब्या. सांगताना माझा आवाज चढला होता हे माझ्या लक्षात आलं नाही. धाकटी मुलगी रडायला लागली तेव्हा आलं.

भावोजी खूप वेळ पत्राची घडी घालत बसले. "विहीणबाई इथे पाणी पीत नाहीत हे मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. आणि हे खोटं नव्हतं. उंबऱ्याच्या आत काय चालतं हे त्यांना दिसावं अशी त्या घराची बांधणीच नव्हती. मग उठताना म्हणाले, "सुभेदारांना निरोप धाडतो."

जाऊबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी कणीक मळताना म्हणाल्या, "आई आली की तिला सांग. अकरा वर्षं माझ्या दारात येऊन तहानलेली गेली ती. मला काय वाटत असेल याचा विचार तिनं केला का कधी?" मला हे कधीच सुचलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो कणकेच्या हातानं झटकला. पण तेव्हापासून आम्ही पुन्हा बोलू लागलो.

दसऱ्याच्या आधी चार दिवस खरेदी झाली. स्टॅम्पाचा कागद जुन्या संस्थानाचा होता आणि त्यावर नव्या राज्याचा रबरी शिक्का मारलेला होता, घाईत, थोडा तिरका. मी डोक्यावरून पदर घेऊन बाकावर बसले होते. मला ओळखणारा साक्षीदार म्हणून भावोजी उभे राहिले. सब-रजिस्ट्रारांनी त्यांना ओळखलं. "दादा साहब! आज किस हैसियत से पधारे?"

"गवाह," भावोजी म्हणाले, आणि आपली सही त्यांनी एवढ्या मोठ्या अक्षरात, एवढी संपूर्ण केली की तिच्याखाली दुसऱ्या साक्षीदाराला जागा पुरेना.

पुढच्या रजेत यजमान आले आणि दोन खोल्या उभ्या राहिल्या. ते परत गेल्यावर मी मुलींना घेऊन तिकडे राहायला गेले आणि आईला बोलावलं. ती आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कागद दाखव." टांगेवाला ट्रंक डोक्यावर घेऊन तिष्ठत उभा. आईनं चष्मा लावून सबंध खरेदीखत वाचलं, चतुःसीमेसकट. मग एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथे जावईबापूंचं नाव आहे."

"ते माझी ओळख पटावी म्हणून, आई. पत्नी अमुक यांची, असं लिहावंच लागतं. मालक मी आहे."

"बायकांची ओळख फार लांबलचक असते," ती म्हणाली, आणि आत येऊन पाणी मागितलं. पैसे कुणाचे, हे तिनं विचारलं नाही. शास्त्र आपल्याला झेपेल तेवढंच वाचायची अक्कल पुरुषांनाच असते असं नाही. ती दोन भांडी पाणी प्यायली. मी तिच्याकडे बघत राहिले, तर म्हणाली, "बघतेस काय? गार आहे."

पण आई आली म्हणजे राहिली असं नव्हतं. ती पाहुणीसारखी वागे. पातेल्यात भाजी किती उरली आहे ते बघून मग स्वतःला वाढून घेई. पुतण्याचं पत्र आलं की दोन दिवस गप्प राही. त्यात तिकडच्या नातेवाइकांचे टोमणे असत, म्हातारपणी लेकीच्या दारात जाऊन पडली म्हणून. वर्षा-दोन वर्षांनी ती एकदा तरी म्हणेच, "पुष्कळ दिवस झाले. आता जावं म्हणते." आणि मी दर वेळी भांडे. भांडून तिला ठेवून घेता येत होतं. पण तिला तिथली करता येत नव्हतं.

खरेदी झाली तरी पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, वहीत जमीन अजून सुभेदारांचीच होती. तिथे नाव चढवायचा अर्ज मी घर बांधलं तेव्हाच दिला होता. अर्ज मध्य भारत सरकारला केला होता. तो सहा-सात वेळा ग्वाल्हेर-इंदूर करून आला असावा. तेवढ्यात देशातल्या राज्यांची पुन्हा मांडणी झाली, मध्य भारत मावळला, मध्य प्रदेश आला आणि राजधानी भोपाळला गेली. आमच्या जमिनीनं मात्र या सगळ्या काळात एकदाही जागा सोडली नाही. ती कानावर आल्यापासून मी तीन राज्यांची प्रजा झाले होते.

आणि मग एके दिवशी, मी बाजारात गेले असताना, पटवारी खरोखरच आला. आई एकटी घरी होती. त्याने ओसरीवर बसून पाणी मागितलं, वही उघडली आणि विचारलं, "माँजी, यह मकान किसका है?"

"माझ्या मुलीचं."

"बेटी का नाम?"

आईनं सांगितलं. तिनं पाळण्यात ठेवलेलं. लग्नात आमच्याकडे नवऱ्यामुलीचं नाव बदलतात, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, आणि जुनं नाव त्या ताटाबरोबर उचललं जातं. त्यानंतर मला त्या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं. पटवाऱ्यानं वडिलांचं नाव विचारलं, तेही आईनं सांगितलं. नवऱ्याचं त्यानं विचारलं नाही, की तिनं सांगितलं नाही, हे मला कधीच कळलं नाही.

वहीतल्या नोंदीची नक्कल हातात पडली तेव्हा मी ती घेऊन अर्जीनवीसांकडे धावले. ते आता फारच थकले होते. कागद डोळ्याशी नेऊन ते म्हणाले, "हे तर तुझं माहेरचं नाव. चिंता नको करू. शपथेचा एक हलफनामा, दोन गवाह, दुरुस्ती होऊन जाईल."

"नाही केली तर?"

"विकताना परेशानी होईल."

"विकायचं कुणाला आहे?" मी म्हणाले. खाली आणखी एक ओळ होती, शेऱ्याच्या रकान्यात, आणि माझं लक्ष त्या ओळीवर होतं.

घरी आले तर आई ओसरीवर मेथी निवडत होती. मी कागद तिच्यापुढे धरला. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि सुरुवातीपासून वाचायला घेतलं. जमिनीचा खसरा नंबर वाचला. माझं नाव वाचलं, वडिलांचं वाचलं, आणि आपण काही चुकीचं केलं असं तिच्या चेहऱ्यावर मुळीच दिसलं नाही. मग ती शेऱ्यापाशी आली. तिथे लिहिलं होतं : 'मौके पर मालिक की माँ काबिज़ पाई गई।' जागेवर मालकिणीच्या आईचा ताबा आढळला. काबिज़ हा शब्द तिला समजावून सांगावा लागला नाही. वडिलांच्या दप्तरात तिनं तो हजार वेळा वाचून दाखवला असेल, दुसऱ्यांच्या जमिनींबद्दल.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मोठ्यानं. मी म्हटलं, "आई, हे नाव बदलून घ्यायचं का? अर्जीनवीसकाका म्हणतात चूक आहे."

"कशाला?" ती म्हणाली. "अक्षर बरं आहे मेल्याचं."